वीस जखमींची वही

ज्योतीराम प्रथमोपचार शिकणार ही बातमी अण्णासाहेबांच्या पत्र्याच्या खोल्यांत फुटली, त्या दिवशी तिथं कुणाला साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. तरी दिवेलागणीपर्यंत अकरा माणसं त्याला बघून गेली. बघून गेली म्हणजे आजाऱ्याला बघून जातात तशी. कुणी उंबऱ्यातच उभं राहून मान हलवली, कुणी त्याच्या बायकोला, सुभद्राबाईंना, बाजूला घेऊन हे कधीपासून सुरू झालं म्हणून विचारलं, आणि जाताना प्रत्येकानं एकेक सल्ला ठेवून दिला. अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट आहे. रॉकेल रांगेत मिळत होतं, सिमेंट परमिटवर मिळत होतं, सल्ला तेवढा घरपोच होता.

सल्ल्याची गरज होती, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ज्योतीराम भोसरीच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये होता. तिथल्या बोर्डावर कागद लागला होता, की प्रथमोपचाराचं मान्य शिक्षण घेतलेल्या कामगाराची औषधांच्या पेटीवर नेमणूक होईल आणि त्याला कायमची जनरल शिफ्ट, म्हणजे दिवसपाळी, मिळेल. कुठलं शिक्षण मान्य, ते कागदात नव्हतं. ज्योतीरामनं सेफ्टी ऑफिसर उद्धवरावांना विचारलं. उद्धवराव थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले आणि म्हणाले, की जे मान्य असेल तेच मान्य. मग त्यांनी चष्मा पुसायला घेतला, म्हणजे भेट संपली.

लोकांना वाटलं, गडी जनरल शिफ्टच्या मागं लागलाय. वाटू दे. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती फक्त सुभद्राबाईंना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीतल्या किसनच्या डोक्यावर कंपनीत लोखंडी पाइप पडला, तेव्हा ज्योतीराम बोल्टांचा डबा घेऊन तिथंच उभा होता. बाकीचे गाडी आणायला पळाले. ज्योतीरामनं मायेच्या पोटी बेशुद्ध किसनचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्याभर पाणी त्याच्या तोंडात ओतलं. किसन पाइपानं मरणार नव्हता, तो पाण्यानं जाता जाता राहिला. याला पाणी कुण्या गाढवानं पाजलं, असं डॉक्टरांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं. तेव्हापासून ज्योतीरामनं पाण्याचा पेला पुढं केला की किसन म्हणायचा, "शुद्धीवर हाय बरं का मी." सगळे हसायचे, ज्योतीरामही हसायचा, आणि मग बराच वेळ त्याच्या हातातलं काम हातातच राहायचं. पुन्हा कुणी असं पुढ्यात पडलं तर काय करायचं ते आपल्या हातांना कळलं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

तर शिक्षणं निघाली चार. पहिलं पुण्यातल्या एका जुन्या संस्थेचं. सहा रविवार आणि शेवटी लेखी परीक्षा, पुस्तक इंग्रजी. ज्योतीराम मॅट्रिकच्या इंग्रजीला दोनदा बसला होता आणि दोनदा आपटला होता, त्यामुळं पुस्तकाचं कव्हर बघूनच त्याला घाम फुटला. दुसरं नागरी संरक्षणाचं, ते अर्जुनरावांनी सुचवलं. अर्जुनराव म्हणजे दिघीला राहणारे निवृत्त हवालदार. त्यांचं म्हणणं, पट्टी काय कुणीही बांधेल, पण जळत्या तिसऱ्या मजल्यावरून माणसाला दोरीनं खाली सोडणं हे खरं शिक्षण. आपल्या भागात तिसरा मजला असलेली इमारत आधी शोधावी लागेल, असं ज्योतीरामनं नम्रपणे म्हटलं. अर्जुनराव म्हणाले, इमारती होतील, तू शिकून ठेव.

तिसरं किसननं आणलं. टपालानं सहा धडे येणार, ते वाचून परत पाठवायचे, की सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट घरी. वर डॉक्टर कानाला लावतात ती नळी फुकट. किसनचा सगळा जीव त्या नळीत अडकला होता. नळी तू घेतली नाहीस तर मी घेतो, असंही तो म्हणाला.

चौथं शिक्षण दिघीतच होतं. लष्करातून निवृत्त झालेले एक मेजर डॉक्टर आपल्या बंगल्याच्या व्हरांड्यात चार महिन्यांचा वर्ग घेत. मराठीतून. सायकलनं पंधरा मिनिटांवर. परीक्षा नाही. फक्त एक वही ठेवायची. वीस जखमींवर स्वतः उपचार करायचे आणि प्रत्येकाचं नाव, तारीख, जखम कुठं झाली, कशानं झाली, आपण काय केलं, हे त्या वहीत लिहायचं. शेवटी वहीवर कारखान्याच्या साहेबाची सही.

परीक्षा नाही म्हटल्यावर ज्योतीरामला पुढचं काही ऐकूच आलं नाही. अण्णासाहेबांनीही कौल दिला. अण्णासाहेब खोल्यांचे मालक, मूळचे गाववाले, त्यामुळं त्यांच्या कौलाला वजन. ते म्हणाले, "चार म्हैनं लागत्यात म्हंजी पक्कं आसंल. आन् परीक्षा न्हाई, ह्ये तर लई ब्येस." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकट्या सुभद्राबाईंनी चुलीपुढून विचारलं, की वीस जखमी आणणार कुठून.

प्रश्न रास्त होता. कंपनीच्या फाटकावर एक हिरवा फळा होता. त्यावर 'अपघाताविना दिवस' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं आणि खाली खडूनं आकडा. ज्योतीराम पहिल्यांदा वर्गाला गेला त्या दिवशी आकडा होता दोनशे त्रेचाळीस. तो तीनशे पासष्ट झाला की सहाशेच्या सहाशे कामगारांना एकेक प्रेशर कुकर मिळणार, असं मॅनेजरसाहेबांनी जाहीर केलेलं. आता कुकर म्हणजे काय, हे त्या खोल्यांत राहिल्याशिवाय कळायचं नाही. तिथं कुकर एकच, अण्णासाहेबांच्या सुनेचा, आणि त्याची शिट्टी झाली की सोळा घरं मोजायची. सुभद्राबाईंनी आपल्या कुकरची जागा फळीवर केव्हाच रिकामी करून ठेवली होती. खंडू नावाचा लातूरकडचा एक ग्राइंडरवाला दोन खोल्या सोडून राहायचा. त्यानं तर सासूला पत्रच टाकलं होतं, की कुकर बघायला या.

म्हणजे एकीकडं दोनशे त्रेचाळीस दिवस कुणाला इजा न झालेली कंपनी, आणि दुसरीकडं वीस जखमींसाठी आसुसलेला ज्योतीराम. पहिले तीन आठवडे त्याला एकही मिळाला नाही. आपण असे वागू असं त्याला स्वप्नातही वाटलं नव्हतं. रस्त्यात कुणाची सायकल घसरली की तो धावायचा, आणि सायकलवाला कपडे झटकून धड उभा राहिला की याचा चेहरा पडायचा. शेजारच्या भिमाबाई विळीवर भाजी चिरायला बसल्या की हा त्यांच्या दारात हजर. शेवटी त्यांनी सुभद्राबाईंना सांगितलं, की तुमचे हे माझ्या बोटांकडं बघत उभे राहतात, ते काही बरं दिसत नाही. वहीत पहिली नोंद पडली ती अण्णासाहेबांच्या टाचेत मोडलेल्या बाभळीच्या काट्याची, आणि तो काटासुद्धा आधीच सुनेनं काढला होता.

मग एका दुपारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, किसन एका फिटरला घेऊन आला. फिटरचा हात खिशात. किसननं आत येऊन दार लोटून घेतलं तेव्हा हात बाहेर आला. अंगठ्याभोवती मशीन पुसायच्या सुताचा बोळा, त्यावर रुमाल. ज्योतीरामनं रुमाल सोडला, बोळा काढला, आणि आत अंगठा म्हणून जे काही होतं ते बघून त्यानं रुमाल तसाच परत वर दाबला.

सकाळी साडेसातला झालंय, फिटर म्हणाला. मग पेटीवर का गेला नाहीस, असं ज्योतीरामनं विचारलं, तेव्हा दोघांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं.

"आरं भावा," किसन म्हणाला, "पेटीवर गेलं की रजिस्टरात नाव. रजिस्टरात नाव आलं की फळ्यावर शून्य. एका अंगठ्यापायी सहाशे घरांचा कुकर घालवायचा व्हय?"

ज्योतीरामनं तो सुताचा बोळा उचलून बघितला. तो स्टोअरच्या जाळीमागं बसणारा माणूस. रोज फाटकातून येताना तो फळा वाचायचा आणि त्याला मनापासून अभिमान वाटायचा. पुसायचं सूत वर्षभरात तिपटीनं जायला लागलं, ते त्याच्या हातूनच जात होतं. कामगारांना स्वच्छतेची गोडी लागली, असं त्यानं उद्धवरावांना स्वतः सांगितलं होतं आणि उद्धवरावांनी ते वरती कळवलंही होतं. ते सगळं सूत कुठं गुंडाळलं जात होतं हे आता त्याच्या पुढ्यात होतं, आणि त्यातून लाल ठिपके जमिनीवर पडत होते.

त्यानं अंगठा धुतला, बांधला, नीट लिहून ठेवलं आणि फिटरला डॉक्टरकडं जायला बजावलं. फिटर हो म्हणाला आणि गेला नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आले, तिसऱ्या दिवशी चौघं. ज्योतीराम फुकट बांधतो आणि रजिस्टर ठेवत नाही, हे तोंडोतोंडी झालं होतं. भाजलेलं मनगट आलं, साच्याखाली सापडलेला पाय आला, गिअरच्या दातांत गेलेली बोटं तर आळीपाळीनं आली. रोज साडेतीनला दारात ही रांग आणि सुभद्राबाई प्रत्येकाला चहा देणार. अपघाताविना तीनशे दिवस पूर्ण झाले त्या दुपारी ज्योतीरामच्या ओट्यावर सातजण बसले होते, आणि त्यांनी त्या आनंदात पेढे वाटले.

ज्योतीराम रोज नव्यानं हबकत होता, पण त्याचे हात शिकत होते. सुरुवातीला गाठ मारताना थरथरणारी बोटं आता आपोआप चालायची. वही कधीच वीसच्या पुढं गेली. अक्षर मोत्यासारखं, रकाने आखलेले, जखमेचं वर्णन असं बारीक की मेजरसाहेबांनी बघत राहावं. आणि मग एके दिवशी ज्योतीरामला त्या शेवटल्या अटीची आठवण झाली. वहीवर कारखान्याच्या साहेबाची सही. म्हणजे अपघात न झालेल्या कंपनीच्या मॅनेजरसमोर तिच्याच सदतीस अपघातांची यादी सहीसाठी ठेवायची. तो जेवता जेवता थांबला तो थांबलाच.

ओट्यावर बैठक बसली. तोड किसननं काढली. नावं तीच, तारखा त्याच, जखमा त्याच, फक्त 'कुठं' या रकान्यात घर लिहायचं. आणि 'कशानं' मध्ये? दार, किसन म्हणाला, आणि समोर होतं त्या ज्योतीरामच्याच दाराकडं त्यानं बोट दाखवलं. एका रविवारात ज्योतीरामनं नवी वही उतरवून काढली. तिच्यात अकराजणांची बोटं त्याच्या दारात चेंगरली, सहाजण त्याच्या चुलीवर भाजले आणि चौघांच्या पायावर सुभद्राबाईंचा वरवंटा पडला. सुभद्राबाईंनी ती वाचली आणि आपल्या घराची अशी बदनामी बापजन्मात कुणी केली नव्हती, असं म्हणाल्या.

मेजरसाहेबांनी सहीआधी बघायला म्हणून वही ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची स्कूटर खोल्यांच्या तोंडाशी थांबली आणि ते सरळ दारापाशी आले. दार म्हणजे खोक्याच्या फळ्या आणि वर पत्रा. पावसानं फुगून ते दोन वर्षांपासून पूर्ण लागतच नव्हतं. मेजरसाहेबांनी ते दोनदा उघडझाप करून बघितलं. मग ज्योतीरामच्या डोळ्यांदेखत त्यांनी आपला अंगठा फटीत घातला आणि दार ओढलं. काही झालं नाही. त्यांनी अंगठा काढून घेतला, वही उघडली आणि वाचून दाखवलं, 'जखमेवर समान अंतरानं चार दातांचे ठसे.'

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "या दाराला दात कुठं आहेत?"

ज्योतीरामनं सगळं सांगून टाकलं. फळा, कुकर, सूत, रांग, सगळं. मेजर चिडतील अशी त्याची खात्री होती, आणि ते चिडले नाहीत याचाच त्याला जास्त धक्का बसला. ते शांतपणे म्हणाले, "पट्टी तुम्ही उत्तम बांधता. पण कशानं लागलं हे खोटं लिहिणारा माणूस पेटीवर बसला, तर त्याच मशीनमध्ये उद्या दुसऱ्याचा हात जाईल. खरी वही आणा, साहेबाच्या सहीची. नाहीतर सर्टिफिकेट मिळणार नाही."

पुन्हा बैठक. फळ्यावर त्या दिवशी तीनशे पंचावन्न होते. या वेळची तोड खुद्द ज्योतीरामनं काढली आणि ती ऐकून सगळ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दहा दिवस थांबायचं. कुकर वाटून होऊ द्यायचे, आणि मग खरी वही साहेबापुढं ठेवायची. दिलेला कुकर काय कुणी परत मागत नाही. कुकर मिळेल, सर्टिफिकेट मिळेल, कुणाचं काही जाणार नाही. ज्योतीराम त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवला.

तीनशे साठाव्या दिवशी खंडूचा उजवा तळवा ग्राइंडरवर फाटला. ज्योतीरामनं धुऊन बांधला आणि सांगितलं, की याला टाके लागतील, धनुर्वाताची सुई लागेल, आजच्या आज डॉक्टरकडं जा. खंडू म्हणाला, डॉक्टर विचारणार कुठं लागलं. पाचच दिवस राहिलेत दादा, सासूबाई आल्यात. सासूबाई म्हणजे सोजराबाई, त्या खरोखरच लातूरकडून एस.टी.नं आल्या होत्या आणि कुकर कुठाय म्हणून रोज विचारत होत्या. ज्योतीराम दोन दिवस पट्टी बदलायला गेला. तिसऱ्या दिवशी खंडूनं दार अर्धवट उघडून बरं हाय म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशीही तेच. जखम दाखव असं ज्योतीरामनं दोन्ही वेळा म्हटलं, आणि दोन्ही वेळा खंडूच्या नाही म्हणण्यावर त्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं. ही गोष्ट तो पुढं कुणापासून लपवणार नव्हता.

तीनशे पासष्टाव्या दिवशी कंपनीच्या पटांगणात मांडव पडला. दुपारी चारची वेळ, बायकामुलं नटूनथटून आलेली, स्टेजवर कुकरांच्या खोक्यांची भिंत. स्टोअरचा माणूस म्हणून खोकी मोजून पुढं द्यायचं काम ज्योतीरामकडं होतं. तो मॅनेजरसाहेबांच्या हातात द्यायचा, साहेब कामगाराला द्यायचे. स्टोअरवाल्यांचा नंबर पहिला लागला. सुभद्राबाईंनी आपला कुकर घेतला, पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि खोकं उघडून एकेक भाग मांडीवर काढून बघू लागल्या. शिट्टी त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. इतक्या आनंदात ज्योतीरामनं त्यांना लग्नातही बघितलं नव्हतं.

मग मशीनशॉपची रांग सुरू झाली. पहिल्यानं डावा हात पुढं केला. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्यानं डावा. तिसऱ्यानंही. उजवे हात सगळ्यांचे पाठीमागं, खिशात, नाहीतर खांद्यावरच्या टॉवेलाखाली. आपल्याकडं डाव्या हातानं कुणी प्रसाद घेत नाही, आणि इथं ओळीनं सतराजण साहेबांच्या हातातून कुकर डाव्या हातानं ओढून नेत होते. साहेबांनी वाकून उद्धवरावांना विचारलं, की आपल्याकडं इतके डावखुरे कधी भरती केले. उद्धवराव म्हणाले, की मशीनवर सोयीचं पडतं. ज्योतीराम खोकी देत राहिला.

अठरावा खंडू. साहेबांचा संयम सुटला होता. अरे नीट घे, असं म्हणत त्यांनी हसत हसत खंडूचा पाठीमागचा उजवा हात ओढून हातात घेतला आणि जोरात हलवला. खंडूच्या तोंडून आवाज निघाला नाही. तो राखेसारखा पांढरा पडला आणि जागच्या जागी कोसळला.

मांडवात एकच कालवा झाला. कुणीतरी पाण्याचा तांब्या घेऊन धावलं आणि खंडूचं डोकं उचलून त्याच्या ओठांना लावू लागलं, तोच ज्योतीरामचा हात आडवा गेला आणि तांब्या स्टेजवरून गडगडत खाली गेला. त्यानं खंडूला कुशीवर वळवलं, श्वास बघितला, बाही वर फाडली. मनगटापासून निघालेली तांबडी रेघ सरळ काखेपर्यंत चढली होती. अंग तापानं भाजत होतं. हे मेजरसाहेबांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं, आणि ही रेघ दिसली तर एक मिनिट थांबू नका म्हणाले होते. ज्योतीराम पाच दिवस थांबला होता.

उद्धवराव जवळ येऊन हळूच म्हणाले, की उन्हानं चक्कर आली, असं लिहू, आणि शिफ्टच्या गाडीनं घरी पाठवू. ज्योतीरामनं वर बघितलं. समोर सहाशे माणसं, त्यांच्या बायका, आणि पहिल्या रांगेत मांडीवर कुकर घेतलेल्या सुभद्राबाई. त्या त्याच्याकडंच बघत होत्या.

"ऊन नाही," ज्योतीराम म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "सोमवारी ग्राइंडरवर हात फाटलाय. विष वर चढलंय. साहेब, तुमची गाडी काढा. आणि रजिस्टर आणा, मी लिहून देतो."

साहेबांनी खंडूच्या हाताकडं बघितलं, मग समोर खोकी घेऊन बसलेल्या त्या सतरा डावखुऱ्यांकडं बघितलं, आणि काय ते त्यांना एकदम उमगलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पण गाडी त्यांनी काढली, हे मान्य केलं पाहिजे.

दवाखान्यात खंडूला आत नेलं. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, की हात वाचेल, अजून एक दिवस गेला असता तर हात नाही, माणूसच गेला असता. मग त्यांनी विचारलं, की पट्टी कुणी बांधली होती. मी, ज्योतीराम म्हणाला.

"चांगली बांधलीय. आणि उशीर कुणी केला?"

"तोही मीच," ज्योतीराम म्हणाला. डॉक्टर वळून आत गेले. दोन वर्षांपूर्वी गाढव म्हणाले होते, ते बरं होतं, असं त्याला वाटलं.

इकडं फाटकावरच्या फळ्यावर शून्य पडलं होतं आणि पटांगणात वाटलेले कुकर परत गोळा होत होते. सुभद्राबाईंना कुणी सांगायच्या आधी त्या उठल्या, झाकण लावलं, खोकं बंद केलं आणि स्टेजवर सगळ्यांत आधी नेऊन ठेवलं. मग बाकीचे उठले. त्यानंतर पंधरा दिवस खोल्यांत ज्योतीरामशी कुणी बोललं नाही. अण्णासाहेबांच्या सुनेचा कुकर तेवढा रोज बोलायचा, आणि तो नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलतो असं ज्योतीरामला वाटायचं. सोजराबाईंनी मात्र परत जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दारात ठेवून गेल्या.

खऱ्या वहीवर साहेबांनी सही केली. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मेजरसाहेबांनी सर्टिफिकेट दिलं, ज्योतीराम पेटीवर बसला, आणि गमवायला आता कुकरच नसल्यानं लोक उजळ माथ्यानं पेटीवर येऊ लागले. कापलं, आले. भाजलं, आले. ज्योतीराम बांधायचा आणि लिहायचा. पहिल्या महिन्यात एकतीस नोंदी झाल्या. फळ्यावरचा आकडा तीनच्या वर काही जाईना.

आणि मग त्याला ऑफिसातून एक पत्र आलं. ते वाचून तो इतका थक्क झाला की घरी येईपर्यंत त्यानं ते तीनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं, की आपली पेटीवर नेमणूक झाल्यापासून कारखान्यातील अपघातांत चिंताजनक वाढ झाली आहे, तरी आपण तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. खाली आणखी एक ओळ होती, की परत जमा झालेल्या कुकरपैकी एकाची शिट्टी आढळून येत नाही, त्याचाही खुलासा करावा.

त्या दुपारी ओट्यावर खंडू होता, दवाखान्यातून आठवड्यापूर्वीच आलेला. त्याचं करंगळीजवळचं बोट वाकत नव्हतं, पण चहाचा कप त्यानं उजव्या हातानं घेतला. किसनही होता, लांबच्या कडेला, अजून अबोला धरून. ज्योतीरामनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि त्याखालीच खुलासा लिहिला. 'अपघात पूर्वी होत होते तेवढेच होतात. आता लिहितो.'

मग त्यानं शिट्टीचं काय, असं सुभद्राबाईंना विचारलं. सुभद्राबाई उठल्या, मसाल्याच्या डब्यातून शिट्टी काढली, पदराला पुसली, बघितली आणि परत डब्यात ठेवली. पुढंमागं कुकर येईल तेव्हा लागेल, त्या म्हणाल्या. ज्योतीरामनं थोडा विचार केला आणि लिहिलं, 'शिट्टीचा शोध चालू आहे.' लेखणी खाली ठेवताना त्यानं कुणाकडं बघितलं नाही.

मग किसन कडेवरून सरकत पुढं आला आणि घसा कोरडा पडल्यासारखा खाकरला. ज्योतीरामनं तांब्या भरला आणि नेहमीच्या त्या वाक्याची वाट बघत त्याच्यापुढं धरला. किसननं तांब्या घेतला, गटागटा पाणी प्यायला, आणि काही न बोलता तो ज्योतीरामच्या हातात परत दिला.